खुंटीवरची माळ

खाडीकडच्या पाड्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की डॉक्टरच्या आधी जनाबाईचं नाव निघायचं. पाड्याचं सोडा, कल्याण, टिटवाळा, पार ठाण्यापासून माणसं विचारत विचारत यायची. भोवती टॉवर उठले, भाताच्या खाचरांवर गाड्यांचं पार्किंग झालं, पण रविवारी सकाळी तिच्या ओट्यावर दोन-तीन पिवळी तोंडं बसलेली नाहीत असं कधी झालं नाही. टॉवरवालेसुद्धा यायचे हो! हातात रिपोर्टची फाईल, चेहऱ्यावर जरा लाज, आणि 'आमच्या मिसेसचा विश्वास आहे म्हणून आलो' हे ठरलेलं वाक्य.

जनाबाई काविळीची माळ द्यायची. घेटुळीचे, म्हणजे पुनर्नवेचे, ओले देठ आणायचे, त्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करायच्या आणि दोऱ्याच्या एका खास गाठीत एकेक कांडी अडकवत जायचं. भोक पाडायचं नाही, गाठीनंच कांडी धरून ठेवायची. माळ डोक्यावर जेमतेम बसेल एवढीच करायची. मग रोग्याला सांगायचं, ऊन नको, तेल-तूप नको, मच्छी-मटण तर नावालाही नको. मऊ भात, मुळा आणि उसाचा रस. माळ रोज थोडी लांब व्हायची. डोक्यावरून गळ्यात यायची, गळ्यातून छातीवर, छातीवरून कमरेला. पायांतून खाली निघाली की कावीळ उतरली म्हणायचं आणि माळ खाडीत सोडून द्यायची. पैसा घ्यायचा नाही. नारळ तेवढा घ्यायचा, माळ देताना एक आणि बरं झाल्यावर एक.

हे तिला तिच्या सासूनं, रखमाबाईनं दिलं होतं. सासूनं सुनेला 'हात द्यायचा', अशी रीत. रखमाबाईनं मरणाच्या आधी जनाबाईचा हात हातात घेऊन ती गाठ शिकवली, आणि तेव्हापासून जनाबाई पाड्यात कुणीतरी झाली. नवरा गेला, शेती गेली, पण मान काही गेला नाही. सरपंचाच्या घरातलं माणूसही ओट्याखाली चप्पल काढून वर चढायचं. आता हा हात पुढे सून हेमांगीला द्यायचा, हे जनाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. हेमांगी मात्र हसून टाळायची.

"आई, मला नाही जमणार. ब्लाऊजचे हुक लावताना माझा जीव जातो, तुमची गाठ कधी शिकू?"

"शिकशील. मला पन नव्हतं जमत," जनाबाई म्हणायची. सून तिची फार लाडकी होती. तोंडावर कधी बोलली नाही, तो भाग वेगळा.

हेमांगी चाळिशीची, घरी बसून ब्लाऊज शिवायची. नवरा यज्ञेश वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. मुलगी शिवानी नववीत. गेल्या वर्षी हेमांगीनं मोबाईलवर बघून बघून वजन उतरवायचं खूळ घेतलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. चार-सहा महिन्यांत अशी काही वाळली की तिचे स्वतःचेच ब्लाऊज तिला आत घ्यावे लागले. बायका विचारायच्या, "काय गो, काय खातंस?" आणि ती ऐटीत म्हणायची, "काहीच नाही!"

मग दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीच्या खाली, आणि तिथून कळ जायची ती थेट पाठीत खांद्याच्या पात्याला. दर वेळी काहीतरी तळलेलं खाल्ल्यावर. जनाबाईनं ओवा दिला, कोकमाचं पाणी दिलं, 'पित्त खवळलंय' म्हणाली. एकदा वडे-मटण झालं आणि हेमांगी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकली ती उठेचना. तेव्हा यज्ञेशनं कुणाचं ऐकलं नाही. त्यानं रिक्षा बोलावली आणि बायको नि आई दोघींना घेऊन डोंबिवलीत डॉक्टर ऋजुता मॅडमकडे गेला.

सोनोग्राफीत खडे निघाले. एक नाही, पिशवी भरून.

"मुतखडा तर नाय ना? पानफुटीचा पाला देते, कुळथाचं पानी देते. पडून जातील," जनाबाई म्हणाली.

ऋजुता मॅडम समजावून सांगणाऱ्यातल्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. "आजी, हे लघवीतले खडे नाहीत, पित्ताशयातले आहेत. पित्त लिव्हरमध्ये बनतं. ही खालची छोटी पिशवी ते साठवून ठेवते, घट्ट करते. आपण तेल-तूप खाल्लं की ही पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते, म्हणजे ते तेल पचतं. पित्तातलं प्रमाण बिघडलं, किंवा पिशवी बरेच दिवस नीट रिकामीच झाली नाही, की पित्त साकळतं आणि त्याचे खडे होतात. बायकांना जास्त होतात. आणि झपाट्यानं वजन उतरवलं, उपाशी राहिलं, तर आणखीच." हे ऐकून हेमांगीनं मान खाली घातली.

"मग औषध द्या ना विरघळायचं."

"असल्या खड्यांना त्याचा उपयोग नाही. पिशवीच काढायची. दुर्बिणीतून होतं, दोन दिवसांत घरी."

"पिशवी काढायची?" जनाबाई खुर्चीवर सरळ झाली. "देवानं दिलेली?"

"तिच्यावाचून माणसाचं काही अडत नाही, आजी. पित्त लिव्हरमधून थेट आतड्यात जात राहतं."

ऑपरेशन करायचं ठरलं. पण हेमांगीच म्हणाली, सुदेश भाऊजींची हळद होऊ दे. सुदेश म्हणजे यज्ञेशचा चुलतभाऊ. त्याच्या लग्नाचे घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज हिच्याकडे पडले होते. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हो म्हणाल्या. निघताना मात्र दारापर्यंत आल्या. "तेलकट बिलकुल नको. आणि एक लक्षात ठेवा. डोळे पिवळे झाले किंवा थंडी वाजून ताप आला, तर मिनिटभर थांबू नका. त्याचा अर्थ खडा पिशवीतून निसटून नळीत अडकला. ती साधी कावीळ नसते."

हे जनाबाईच्या देखत झालं. तिनं आपल्या कानांनी ऐकलं. पण काविळीबद्दल कुणी तिला शिकवायचं म्हणजे काय? असल्या गोष्टी ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची.

सुदेशची हळद दणक्यात झाली. मांडवात सगळ्यांनी सगळ्यांना माखलं, हेमांगीलाही जावांनी धरून गालाला, हाताला, मानेला हळद फासली. ती दोन दिवस पिवळीच होती आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही. तिला मळमळत होतं, तर ते जागरणाचं. तिला जेवण जात नव्हतं, तर ते दगदगीचं. तिसऱ्या दिवशी न्हाऊन आली तेव्हा शिवानी तिच्याकडे बघतच राहिली.

"मम्मी, तुझी हळद गेली. पण डोळे?"

यज्ञेशनं तिला दारात उजेडात आणलं, पापणी खाली ओढली. डोळ्याचा पांढरा भाग पिवळाधमक.

"चल. मॅडमकडे. आत्ताच," तो म्हणाला.

आणि इथे जनाबाई आडवी आली. देवानं नेमकी त्याच वेळी तिची जीभ लुळी का नाही केली, असं तिला पुढे हजारदा वाटलं.

"कावीळ हाय ती! काविळीला डॉक्टरकडं काय औषध हाय रं? आराम करा, उसाचा रस प्या, दुसरं काय सांगतात? ते मी नाय सांगत?"

"आये, मॅडम काय बोललेल्या? साधी कावीळ नसते म्हणून."

"मॅडमनी माज्याएवढ्या काविळी बघितल्यात? आरं, गाव माज्या ओट्यावर येतो, नि माजीच सून दवाखान्यात जाऊन झोपली तर उद्या माजं तोंड कोन बघंल?"

बोलून गेली. मनातलं खरं होतं ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावरही तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. यज्ञेश आईवर ओरडला, आई त्याच्यावर ओरडली. शेवटी हेमांगीनंच तोडलं. "भांडू नका हो. आई देतायत ना माळ, दोन दिवस बघू. नाहीच उतरली तर जाऊ." ती सासूचं मन राखायला म्हणाली, हे जनाबाईला तेव्हाही कळत होतं.

त्या दिवशी तिनं कधी नव्हे एवढी मन लावून माळ ओवली. प्रत्येक गाठीला रखमाबाईचं नाव घेतलं. हेमांगीच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

आणि काय सांगावं, गुण दिसायला लागला! पोटातली कळ थांबली. मऊ भात, मुळा, रस. तेलाचा थेंब नाही. पोटात तेलच गेलं नाही तर ती पिशवी आवळणार कशाला आणि दुखणार कशाला? पण हा हिशेब करायला तिथे कुणी नव्हतं. जनाबाईला वाटलं, आपल्या हाताचा गुण. माळ डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. "बघ," ती यज्ञेशला म्हणाली, "बघ, उतरते." यज्ञेशला कारखान्यात माणसं कमी म्हणून डबल ड्युटी लागली होती. तो रात्री येऊन माळ बघायचा, बायकोच्या कपाळाला हात लावायचा आणि जेवायला बसायचा. दोन दिवस कधीच उलटून गेले होते.

हेमांगी अंग खाजवत राहायची. पोटऱ्या, पाठ, तळहातसुद्धा. जनाबाईनं कडुलिंबाचा पाला बांधला. एकदा ती हळूच म्हणाली, "आई, संडासला मातीसारखं पांढरं होतंय. आणि लघवी चहासारखी लाल." एवढ्या वर्षांत असं जनाबाईनं फार थोड्यांचं ऐकलं होतं, आणि ती माणसं पुन्हा नारळ घेऊन आली नव्हती. पण तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं नाही, माळेकडे पाहिलं. माळ बेंबीपर्यंत आली होती.

"उतरते तवा असंच होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमांगीला थंडी वाजून आली. अशी थंडी की खाट वाजायला लागली. जनाबाईनं गोधडी घातली, वर दुसरी घातली, शेवटी स्वतः तिला मिठी मारून पडली. अंग तव्यासारखं तापलं होतं. हेमांगी काहीबाही बोलायला लागली, सुदेशच्या हळदीला कुठल्या जावेचा ब्लाऊज राहिलाय, गळा कसा कापायचाय. शाळेतून आलेल्या शिवानीनं बापाला फोन लावला आणि फोनवरच रडायला लागली.

यज्ञेश कसा आला, कुठून आला, कुणास ठाऊक. त्यानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोला गोधडीसकट उचललं आणि बाहेर काढलं. ओट्याच्या पायरीवर हेमांगीच्या पायांतून काहीतरी सळसळत निघालं आणि जमिनीवर पडलं. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांनी पाहिलं.

"माळ निघाली गो! कावीळ उतरली," कुणीतरी म्हणालं.

जनाबाई मागोमाग रिक्षात चढली. ऋजुता मॅडमनी डोळे बघितले, ब्लड प्रेशर बघितलं आणि तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्स बोलावली. "मी सांगितलं होतं ना? पिवळे झाले की थांबू नका म्हणून?" त्या ओरडल्या. यज्ञेशनं मान वळवून आईकडे पाहिलं. ते पाहणं जनाबाई मरेपर्यंत विसरणार नाही.

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला. वाटाण्याएवढा. एवढासा खडा नळीच्या तोंडाशी बसला होता, मागे पित्त तुंबलं होतं, आणि तुंबलेल्या पित्ताचा पू झाला होता. पित्ताला आतड्यात वाट नाही म्हणून संडास पांढरी, सगळं रक्तात उतरलं म्हणून डोळे पिवळे नि अंगाला खाज. तिथल्या डॉक्टरांनी यज्ञेशला हे सांगितलं तेव्हा जनाबाई दोन पावलं मागे उभी होती. "वेळेत आला असता तर तासाभराचं काम होतं," ते म्हणाले, "आता पू रक्तात गेलाय. किडन्या बंद पडत चालल्यात." काचेच्या आड हेमांगी नळ्यांमध्ये पडली होती. जनाबाईला एकदाच आत सोडलं. तिनं सुनेचा हात धरला. शिवणकामानं सुईचे टोचे पडलेली बोटं सुजून गुळगुळीत झाली होती.

"बाय गो, उठ," ती म्हणाली. "नको शिकूस गाठ. मी नाय सांगनार पुन्यांदा. उठ फक्त."

हेमांगी उठली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

आणि मग पाड्यानं जे केलं ते जनाबाईला मरणापेक्षा वाईट झालं. कुणीतरी येऊन तोंडावर थुंकेल, म्हणेल, खाल्लीस ना सुनेला, याची ती वाट बघत होती. कुणी नाही म्हणालं. उलट बायका तिच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "तुजी काय चूक, जनाबाय? माळ तर उतरली व्हती, आमी डोल्यांनी बघितली. कावीळ बरी झालेली. त्या हॉस्पिटलवाल्यांनी मारली तिला, तोंडातून नळ्या घालून." दहाव्याला खाडीवर गेलेले पुरुषही तेच बोलत होते. यज्ञेश सगळं ऐकत होता. आईशी तो एक शब्दसुद्धा बोलत नव्हता. ती ताट वाढायची, तो जेवायचा, ताट धुवून ठेवायचा. शिवानी आजीच्या हातचं पाणीही घेईनाशी झाली.

जनाबाईला एकच गोष्ट खात होती. माळ उतरली कशी? कावीळ होती, वाढत होती, माणूस मरायला टेकलं होतं, आणि माळ उतरत होती. का?

तेराव्यानंतर एका सकाळी ती घेटुळीचे ताजे देठ घेऊन बसली. माळ ओवली, नेहमीसारखी, तीच गाठ, तेवढीच लांबी. कुणाच्या डोक्यावर ठेवली नाही. ओटीच्या भिंतीला गोमाजीची, तिच्या नवऱ्याची, जाळं टांगायची जुनी खुंटी होती, तिच्यावर टांगली आणि समोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी माळ वीतभर लांब झाली. देठ सुकत होते, बारीक होत होते, गाठी सैल पडत होत्या आणि दोरा मोकळा होत होता. रोज थोडी, रोज थोडी. आठवड्यानं माळ खुंटीवरून जमिनीला टेकली.

खुंटीला कसली आली कावीळ?

जनाबाई तिथेच भिंतीला डोकं टेकून बसली. रखमाबाई, एवढ्या वर्षांचे नारळ, चप्पल काढून ओट्यावर चढणारी माणसं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जे बरे झाले ते आपले आपणच बरे झाले होते. आणि जे होणार नव्हते त्यांना आपण घरी बसवलं. हेमांगीला घरी बसवलं. तिला रडूसुद्धा आलं नाही.

पुढच्या रविवारी ओट्यावर नवरा-बायको आली. टिटवाळ्याकडची. बायको तरणी, डोळे पिवळे, सारखी दंड खाजवत होती. नवऱ्याच्या हातात नारळ.

"किती दिवस झाले?" जनाबाईनं दारातूनच विचारलं.

"चार-पाच दिवस, मावशी."

"पोटात दुखतं? इकडं, उजव्या अंगाला? तळलेलं खाल्ल्यावर? संडास पांढरी होते?"

दोघांनी एकमेकांकडे चकित होऊन पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?" बायको म्हणाली. नवऱ्यानं तर हातच जोडले.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. घरी नको, इकडं नको, तिकडं नको. सोनोग्राफी करा. नळीत खडा आसंल."

"पण मावशी, माळ…"

"माळेत काय नाय!" जनाबाई ओरडली. तिनं खुंटीवरची माळ ओढून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही बघा! कुनाच्या अंगावर नव्हती. भिंतीवर व्हती. तरी उतरली. हे देठ सुकतात, बस. दुसरं काय नाय. माजी सून आशीच मेली. मी मारली तिला. ऐकताव का? मी मारली!"

तो माणूस दोन पायऱ्या खाली सरकला. त्यानं नारळ हळूच ओट्याच्या कडेला ठेवला, बायकोचा हात धरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चल. पलीकडच्या गावात एक जण देतात म्हणे." जनाबाई पायऱ्यांवरून अनवाणी खाली उतरली, "पाया पडते, पोरी, दवाखान्यात जा," म्हणत रस्त्याच्या तोंडापर्यंत मागे गेली. त्यांनी पाय उचलला.

ती परत आली तेव्हा यज्ञेश दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बाईकची चावी घेतली आणि गेला. जनाबाई पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं बाईकचा आवाज आला. तो एकटाच होता.

"नाही ऐकलं," तो म्हणाला. हेमांगी गेल्यापासून आईशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. "स्टँडपर्यंत मागे गेलेलो. हात जोडले. माझी बायको अशीच गेली म्हणून सांगितलं."

"मग?"

यज्ञेशनं चावी खुंटीला अडकवली.

"म्हणाले, तुमच्या आईनं आमच्या आज्याची कावीळ उतरवलेली, त्यांचा हात आम्हाला माहितीये. आता त्या दुःखात आहेत, काहीही बोलतात. सावरल्या की सांगा, आम्ही परत येतो."